कॉर्नेलिया की सर्व्हिलिया?

प्राचीन रोममधील उमराव स्त्रीवर निबंध किंवा व्याख्यान तयार करायचे म्हटले, की निवड बहुधा दोघींपाशी येऊन थांबते: सुधारणावादी राजकारणी ग्राकस बंधूंची आई कॉर्नेलिया आणि ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रुटसची आई सर्व्हिलिया. दोघींची घराणी थोर आणि दोघींचेही मुलगे राजकारणात बळी गेले. पण अभ्यासकाच्या हाती लागणारी सामग्री अगदी वेगळी आहे.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसची ही मुलगी कॉर्नेलिया. तिच्या बारा अपत्यांपैकी तीनच जगली. वैधव्यात तिने इजिप्तच्या टॉलेमी राजाची मागणी नाकारली आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. इ.स.पू. १३३ मध्ये थोरला मुलगा टायबेरियस आणि १२१ मध्ये धाकटा गायस मारला गेला. मातृत्व आणि शिक्षण हाच विषय असेल तर तिलाच निवडावे. अडचण एवढीच, की पुढच्या पिढ्यांनी तिला आदर्श मातेच्या चौथऱ्यावर बसवले. हा चौथरा खरोखरच रोममध्ये आहे. वरचा पुतळा गेला, लेख उरला. त्या लेखात वडिलांचे आणि मुलांचे नाव आहे, नवऱ्याचे नाही. तिच्या नावावरील पत्राचे उतारे अस्सल आहेत की नाहीत, हा वाद अजून मिटलेला नाही.

सर्व्हिलियाच्या नात्यांचा गुंता मात्र समकालीन पत्रांतूनच दिसतो. सीझरचा कट्टर विरोधक धाकटा केटो हा तिचा सावत्र भाऊ, दोघांची आई एक. पहिल्या नवऱ्याला, म्हणजे ब्रुटसच्या वडिलांना, सेनापती पॉम्पीने मारवले. दुसऱ्यापासून झालेल्या मुलींपैकी एक लेपिडसला आणि एक कॅशियसला दिली. सीझरशी तिचे प्रेमसंबंध होते. त्याने तिला साठ लाख सेस्टर्सचा मोती दिल्याची नोंद आहे. म्हणजे प्रियकराचे मारेकरी तिचाच मुलगा ब्रुटस आणि जावई कॅशियस, तर दुसरा जावई लेपिडस प्रियकराच्या गोटातला!

सीझरच्या खुनानंतर तीन महिन्यांनी, इ.स.पू. ४४ च्या जूनमध्ये, रोमच्या दक्षिणेकडील अँटियम येथे झालेल्या बैठकीचे वर्णन तिथे हजर असलेला वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने एका पत्रात केले आहे, ते अवश्य वाचावे. सिनेटने ब्रुटस आणि कॅशियस यांच्यावर धान्यखरेदीचे काम सोपवले होते आणि कॅशियसला तो अपमान वाटत होता. सिसेरो हुकलेल्या संधींचा पाढा वाचू लागला, तेव्हा सर्व्हिलियाने त्याला मध्येच तोडले आणि ठरावातून ते कलम काढून घेण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. सिनेटमध्ये स्त्रीला ना जागा होती ना मत, तरी असे आश्वासन ती देऊ शकत होती.

शालेय श्रोत्यांसाठी कॉर्नेलिया सोयीची आहे, हे मान्य. नात्यांतून चालणारी सत्ता दाखवायची असेल, तर मी सर्व्हिलियाच सुचवीन. फक्त तिची स्वतःची पत्रे उरलेली नाहीत, त्यामुळे तिच्या मनातले लिहिण्याचा मोह टाळावा. आख्यान हवे तर लेकीपर्यंत न्यावे: कॅशियसची विधवा युनिया इ.स. २२ मध्ये वारली, तेव्हा अंत्ययात्रेत वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा होत्या. ब्रुटसची आणि कॅशियसची मात्र नव्हती, आणि नेमके तेच सर्वांच्या नजरेत भरले.