बॉयली की उकडलेला मका? हंगामभर चारा टाकायचा तर

कार्प मासे गळाला लागावेत म्हणून एकाच जागी आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने चारा टाकायचा असेल तर चवीपेक्षा सातत्य महत्त्वाचं. म्हणून आधी खिसा बघा. इथे मका सरळ जिंकतो. बॉयलीच्या (पीठ आणि अंडी मळून उकडलेल्या कडक गोळ्यांच्या) पैशांत तो कितीतरी पट जास्त येतो.

मेहनतीचं उलट आहे. मका 24 तास भिजवून निदान अर्धा तास उकडावा लागतो. दाणा नखाने दबला तरच पाण्यात टाकायचा. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो आणि त्याला अपाय करतो. बॉयली पिशवीतून काढली की झालं. फ्रोझन घेतलीत तर फ्रीजरमध्ये जागा हवी, आणि घरच्यांची परवानगीही.

खरा फरक पडतो तो बारक्या माशांमुळे. ते मक्याचा फडशा पाडतात, कार्पपर्यंत काही उरतच नाही. 20 मिमीची कडक बॉयली त्यांच्या तोंडात मावत नाही. कार्प मात्र ती घशातल्या दातांनी फोडून खातो. शिवाय मका म्हणजे बहुतेक पिष्ट, तर फिशमील (माशांची भुकटी) आणि अंड्यांच्या बॉयलीत भरपूर प्रथिनं. पाकिटावरचे ‘खात्रीशीर’ दावे सोडून द्या, घटकांची यादी वाचा. पाणी गार झालं की दोन्हींचं प्रमाण कमी करा, नाहीतर उरलेलं तळाशी कुजतं.

बारके मासे कमी, कार्प भरपूर आणि बजेट बेताचं असेल तर मका. बारक्यांचा सुळसुळाट असेल किंवा मोजकेच मोठे कार्प हवे असतील तर बॉयली, थोडी का असेना, पण नेमाने.