नव्वद नंबरचं 'इम्पोर्टेड' गिअर ऑइल

"दादा, चाळीस मोठं की नव्वद?"

गॅरेजवाल्याने हे विचारलं आणि मी, चांगला बीकॉम झालेला माणूस, "नव्वद" म्हणून मोकळा झालो. ते उत्तर मला ३,४५० रुपयांना पडलं.

घरी वडिलांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे. भारतात ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, त्यामुळे आता ती धडपणे ओळखणारे मेस्त्री कमी उरलेत. आमचा देवरुखचा मेस्त्री भाच्याच्या लग्नाला गेला होता. मे संपत आलेला, पावसाआधी गाडी उरकून घ्यायची म्हणून मी हायवेलगतच्या एका नव्या गॅरेजात गेलो. (चौपदरीकरणाने जुनी दुकानं उठवली आणि नवी बसवली. रस्ता मात्र तेव्हा व्हायचाच होता.) गॅरेजाचं नाव लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

मी म्हटलं, गिअर ऑइल बदला, नेहमीचं २०डब्ल्यू-४० टाका. तो हसला. "ते फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल, दादा. तुमची टू-स्ट्रोक. हिला खास गिअरचंच लागतं." फळीवरून 'इम्पोर्टेड' म्हणून लाल डबा काढला. त्यावर रेसिंगच्या गाडीचं चित्र, सोनेरी अक्षरं आणि खाली ठळक ९०. किंमत १,२५०. वर तो चाळीस-नव्वदचा प्रश्न.

इथे त्याने अर्धं खरं सांगून मला गुंडाळलं. टू-स्ट्रोकचं टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून येतं आणि पेट्रोलबरोबर जळून धुरातून जातं. खाली गिअरसाठी वेगळं ऑइल असतं, हेही खरं. पण आरएक्सचा क्लच त्याच गिअरच्या ऑइलात बुडालेला असतो. म्हणजे त्या ऑइलने दात घसरते ठेवायचे आणि क्लचच्या प्लेटा मात्र घसरू द्यायच्या नाहीत. म्हणून तिथे चांगलं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइलच टाकतात, तेही ६५० मिली. ट्रकच्या हौशिंगला (मागच्या चाकांमधल्या दातांच्या पेटीला) जे नव्वद नंबर जातं त्यात गंधक-फॉस्फरसचे अर्क असतात. ते जड दातांचा दाब सोसायला उत्तम, पण प्लेटांची पकड त्यांनी बिघडते.

आकड्याचं तर काय सांगू! इंजिन ऑइलचे नंबर आणि गिअर ऑइलचे नंबर या दोन निराळ्या मोजपट्ट्या आहेत. गिअरचं ९० हे जाडीला इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच भरतं. बेचाळीस नंबरचा शर्ट आठ नंबरच्या चपलेपेक्षा मोठा, असं म्हणण्यासारखंच. आणि मी मान डोलावली.

डबा त्याने माझ्यासमोर उघडला नाही. आत घेऊन गेला, झाकण काढून आणला आणि पूर्ण लिटर ओतला. "जास्त ऑइल, गिअर मऊ." मी डब्याचं तोंड पुसायला बोट लावलं तर सडक्या अंड्यासारखा वास. तो वास दोन दिवस हाताला होता. साबण लावला, राख चोळली, तरी आई म्हणाली, "आधी हात धुऊन ये, बांगड्याला वास लागेल." तेव्हाच नाकावर विश्वास ठेवायला हवा होता.

आठवडाभरात सकाळी गिअर घट्ट, नट्रल सापडेना. गाडी तापली की उलटं. आवाज वाढायचा आणि चाक काही घ्यायचं नाही. परत गेलो. त्याने गाडीवर जेमतेम एक चक्कर मारली. "क्लच प्लेटा जळल्या, दादा. जुनी गाडी." प्लेटांचे १,८००, मजुरी ४००. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर कागदावर काळ्या पडलेल्या कॉर्क प्लेटा मांडून ठेवलेल्या. "आणि ऑइल तेच परत भरलं, तुमचे पैसे वाचवले." मी त्याला चहा पाजला. खरंच पाजला.

पुढच्या रविवारी कोल्हापूरला निघालो. साखरप्यापर्यंत कशीबशी आली, आंबा घाटाच्या पायथ्याला गाडीने मान टाकली. दुसऱ्या गिअरात इंजिन किंचाळतंय आणि बाजूने शेवाळलेल्या डबक्यातला बेडूक पुढे जाईल अशी आमची चाल. ढकलत मागे आणली. तिथे एका चाचांचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्यांनी भरायचं बूच काढलं, आत काडी घातली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

"कुणी भरलान रे हे? हे ट्रकाच्या हौशिंगचं."

मी प्लेटांची कथा सांगितली. चाचा खाली वाकले आणि उजव्या बाजूच्या कव्हरावरून अंगठा फिरवला. मागच्या गणपतीत मी त्या कव्हराला हौसेने ब्रशने रुपेरी रंग मारला होता. मेस्त्री हसतील असा जाड. तो रंग कव्हराच्या आणि इंजिनाच्या सांध्यावरून सलग गेलेला होता. स्क्रूच्या फुल्यांतही रंगच. कुठे चीर नाही, टवका नाही. प्लेटा बदलायच्या तर ते कव्हर काढावंच लागतं. माझं कव्हर गणपतीपासून उघडलंच नव्हतं. कागदावरच्या त्या प्लेटा कुठल्या गाडीच्या होत्या देव जाणे.

चाचांनी बोल्ट काढून ऑइल लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीत मोजलं, भरून-ओतून. जवळजवळ लिटरभर निघालं. कॉर्क प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. त्यांनी त्या पॉलिश पेपरवर हलक्या घासल्या, पेट्रोलने धुतल्या आणि त्याच बसवल्या. मग ९०० मिलीचा २०डब्ल्यू-४० चा डबा माझ्या हातात दिला, "तूच फोड". चांदीचा कागद मी सोलला. बाटलीने ६५० मोजून घातलं, उरलेलं माझ्या पाण्याच्या बाटलीत ओतून परत दिलं. घाट सरळ चढलो.

लाल डबा मी घरी आणला होता. आता नीट पाहिला. झाकणाखालच्या कागदाला कडेने पिवळट गोंद. इम्पोर्टेड म्हणायचं तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, तो नाही. छापील किंमत नाही, महिना-वर्ष नाही, फक्त चिकटवलेला स्टिकर. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं असणं कायद्याने बंधनकारक आहे. मी मात्र चित्रच बघत बसलो होतो.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "सिद्ध करा." माझ्याकडे पावतीच्या नावाने कच्च्या कागदावरची तीन आकड्यांची बेरीज. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं ते बिल. माझं बिल नाही, म्हणून इथे नावही नाही. तुम्ही पक्कं बिल घ्या आणि त्यावर ऑइलचा पूर्ण नंबर लिहून घ्या, नुसतं "ऑइल" नको.

फोर-स्ट्रोक मोटरसायकलवाल्यांनीही हसू नये. तुमच्याकडे बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच ऑइल असतं. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा. एमबी हे स्कूटरसाठी, तिथे प्लेटा ऑइलात नसतात. कारचं उरलेलं महागडं ऑइल कुणी "फुकट टाकतो" म्हणाला तरी घेऊ नका. पुस्तिकेतला नंबर आणि मिली फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे.

चाचांच्या गॅरेजातली एक गोष्ट राहिली. माझं काम झाल्यावर त्यांनी तो ९०० मिलीचा रिकामा डबा घेतला, जमिनीवर आडवा ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हरने त्याला तीन भोकं पाडली. मग भंगारात टाकला.

"कशाला?" मी विचारलं.

"अख्खा डबा दिला तर भंगारवाला दहा रुपये जास्त देतो," चाचा म्हणाले आणि हात पुसायला गेले.