दोन कोअरवर आठ लिंक: सीडब्ल्यूडीएम मक्सचा दहा महिन्यांचा अनुभव

गड्डा यात्रा संपली त्याच आठवड्यात आम्ही सोलापुरातलं सात रस्त्याचं ऑफिस आणि चिंचोळी एमआयडीसीतला आमचा पॉइंट यांच्यामध्ये आठ चॅनेलचा पॅसिव्ह सीडब्ल्यूडीएम मक्स, म्हणजे एकाच फायबरमधून अनेक लिंक नेणारी डबी, बसवला. आता दिवाळीही होऊन गेली. उन्हाळा, पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे भाड्याच्या डार्क फायबरचे (फायबर नुसता, दोन्ही टोकांची यंत्रं आपली) दोनच कोअर, म्हणजे धागे. त्यावर 10 जीची (10 गिगाबिटची) एक लिंक, ती संध्याकाळी सातपासून तुंबायची. जास्तीचे कोअर मिळेनात आणि नवी केबल टाकायची तर खोदाईची परवानगी आली, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आला. मक्स वापरताना स्विचमध्ये बसणारं प्रत्येक एसएफपी प्लस मोड्यूल वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं. आतले फिल्टर हे सगळे प्रकाश एकाच धाग्यात घालतात आणि पलीकडचा मक्स ते वेगळे करतो. डबीला वीज लागत नाही, सेटिंग काही नसतं. आमचे आठ चॅनेल 1471 ते 1611 नॅनोमीटर, दोघांत 20 नॅनोमीटरचं अंतर. काही मोड्यूलवर 1470, 1490 असं छापलेलं येतं. घाबरू नका, चॅनेल तेच. 1383 च्या आसपास जुन्या फायबरमध्ये पाण्याच्या अंशामुळे लॉस, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, वाढतो, त्यामुळे तिकडचे चॅनेल आम्ही घेतलेच नाहीत.

सध्या पाच चालू आहेत: 1471, 1511, 1551, 1591 आणि 1611. बदल करताना अर्धा तास लाइन बंद ठेवावी लागली, तेवढंच. केबलचा लॉस 7 डीबीच्या आसपास आणि दोन्ही मक्सचा मिळून साडेचार. 40 किलोमीटरच्या मोड्यूलवर उणे साडेदहा डीबीएम इतका प्रकाश मिळत होता आणि लिंक तुटण्याआधी हाताशी चार-साडेचार डीबी शिल्लक राहत होते. मोड्यूल घेताना तुमचा स्विच कुठल्या कोडिंगचं मोड्यूल ओळखतो ते आधी विचारून घ्या. आमची पहिली दोन मोड्यूल स्विचने ओळखलीच नाहीत, बदलून आणावी लागली.

एक काम मात्र आम्ही पहिल्याच दिवशी केलं आणि ते केलं म्हणूनच हा अनुभव चांगला ठरला. पाचही चॅनेलचं दोन्ही टोकांचं रिसीव्ह पॉवर (पोहोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा) वहीत लिहून रॅकच्या दाराला अडकवून ठेवलं.

जुलैत एका रात्री 1611 सारखं तुटायला लागलं. आधी मोड्यूल गेलं असं वाटलं, ते बदललं तरी फरक नाही. मग वही काढली. 1611 सहा डीबीने खाली, 1591 चार, 1551 दोन, 1511 एक आणि 1471 फक्त अर्धा डीबी. कनेक्टरमध्ये घाण असती तर सगळे साधारण सारखेच पडले असते. तरंगलांबी जितकी लांब तितकी पडझड जास्त, म्हणजे कुठेतरी फायबरला बाक आला. ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती लॉस होतो ते दाखवणारं यंत्र) 1550 वर लावला तर साडेसहा किलोमीटरवर लॉसची पायरी दिसली, 1310 वर तिथे जवळजवळ काहीच नाही.

सकाळी पाऊस थांबल्यावर आमचे स्प्लायसिंगवाले अण्णा आणि मी तिथल्या जॉइंटवर गेलो. झाकण उघडलं. कुणीतरी दुसऱ्या कामासाठी जॉइंटची डबी उघडून परत बसवताना आमचा धागा ट्रेच्या कडेखाली दाबला होता, वळण करंगळीएवढंही नव्हतं. अण्णा म्हणाले, “दादा, जॉइंट चांगलाय, गुंडाळी चुकलीय.” धागा सोडवून मोठं वेटोळं केलं, ट्रेमध्ये नीट बसवला. फोनवर ऑफिसमधून आकडा विचारला: उणे 10.6. कापायची किंवा जोडायची वेळच आली नाही. साध्या एका लिंकवर ही रात्र आम्ही नुसती मोड्यूल बदलण्यात घालवली असती.

उन्हाचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये चिंचोळीच्या खोलीत मोड्यूलचं तापमान 66 पर्यंत गेलं. साध्या मोड्यूलची मर्यादा 70. सीडब्ल्यूडीएमच्या लेसरला आत थंड ठेवणारी सोय नसते, अंशाला साधारण 0.1 नॅनोमीटर तरंगलांबी सरकते. फिल्टरची खिडकी 13 नॅनोमीटरच्या आसपास असते म्हणून ते सरकणं खपून जातं. चॅनेलमध्ये 0.8 नॅनोमीटरचंच अंतर असलेल्या डीडब्ल्यूडीएमला ते खपत नाही. तरी आम्ही एक्झॉस्ट फॅन बसवला, तापमान 58 वर आलं. यंत्रमागाच्या शेडजवळ रॅक असेल तर कापसाचे तंतू हा दुसरा त्रास. रिकाम्या पोर्टची टोपी कधीही काढून ठेवू नका आणि पॅच कॉर्ड लावण्याआधी प्रत्येक वेळी क्लीनर पेन मारा.

खटकलेली गोष्ट मोठी आहे. ऑक्टोबरमध्ये जेसीबीने केबल तोडली आणि पाचही चॅनेल एका क्षणात गेले. आधी एक लिंक जायची, आता पाच जातात, ग्राहकांचे फोनही तितकेच वाढतात. मक्सने जागा वाढते, दुसरा मार्ग मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या रस्त्याने जाणारा फायबरच लागतो आणि त्याची तजवीज आम्ही आधीच करायला हवी होती. स्पेअरचाही खर्च धरा, प्रत्येक रंगाची, म्हणजे तरंगलांबीची, मोड्यूलची जोडी वेगळी ठेवावी लागते.

पुढचा मक्स अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे बसवायचाय. तिथली केबल जुनी आहे, म्हणून ऑर्डर देण्याआधी तिची 1310 आणि 1625 दोन्हीवर तपासणी करून घेतोय. दोन्हींच्या लॉसमध्ये ज्या जॉइंटवर फरक दिसेल, तिथली झाकणं अण्णा आधी उघडून बघणार आहेत.