मोठा अजगर की बॉल पायथन? खानदेशातल्या घराला काय झेपेल

सावद्याकडच्या एका तरुणाचा फोन आला. "भाऊ, दहा-बारा फुटी अजगर घरी पाळायचाय. काय काय लागेल?" मी विचारलं, "मे महिन्यात दुपारी तीनला तुमच्या वरच्या खोलीत कोणी बसतं का?" तो म्हणाला, "नाही बुवा, पत्रे तापतात." माझ्या मते आपल्याकडे हा निर्णय याच प्रश्नावर ठरतो. साप अंगात ऊब तयार करत नाही आणि घामही गाळत नाही. खोली जेवढी तापेल, तेवढा तो तापतो.

आधी कायद्याचं बोलू. केळीच्या बागेत सापडतो तो आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. पिल्लू असो की जखमी, घरात ठेवणं गुन्हाच. शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. म्हणजे पाळायच्या यादीतून तो सरळ बाद. विकणारे मग बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथन या दुसऱ्या मोठ्या अजगरांच्या जाती दाखवतात आणि "परदेशी आहे, चालतं" म्हणतात. पण बर्मीज आपल्या ईशान्येत सापडतो, रेटिक्युलेटेड निकोबारात. त्यामुळे नुसत्या बोलण्यावर एक रुपयाही मोजू नका. आधी वन विभागाकडून लेखी उत्तर घ्या. बॉल पायथन ही अजगराचीच छोटी जात, आणि ती मात्र खरोखर आफ्रिकेची. त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते, हस्तांतर आणि मृत्यूही कळवावा लागतो. कागद नसलेलं पिल्लू कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आता आकार. बॉल पायथन पूर्ण वाढला तरी चार-पाच फूट आणि दीड-दोन किलो. चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी त्याला पुरते. बर्मीजचं पिल्लू आणताना मनगटाभोवती मावतं, पण चांगलं खाल्लं की दोन वर्षांत आठ-नऊ फुटांवर जातं. पुढे बारा-पंधरा फूट आणि कधी पन्नास किलोच्या वरही. त्याला किमान आठ बाय चार फुटांचा, कुलपाचा पिंजरा हवा, म्हणजे आपल्या बाजेपेक्षा मोठा. आत तो पूर्ण बुडून बसेल असा पाण्याचा टबही लागतो, आणि त्यात घाण केली की तो टब त्याच दिवशी उपसावा लागतो.

उन्हाळ्याचं जरा सविस्तर सांगतो. दोघांनाही पिंजऱ्याची एक बाजू 31-32 अंश आणि दुसरी 25-27 अंश लागते. थंडीच्या देशातल्या पुस्तकांत सगळा भर ऊब देण्यावर असतो. आपल्या भुसावळ-जळगावात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा प्रश्न थंड ठेवण्याचा असतो. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कामाला येतो, पावसाळ्यात नाही; दमट, कोंदट हवेत सापाच्या पोटाकडचे खवले कुजू लागतात. बॉल पायथनची पेटी उचलून खालच्या जाड भिंतींच्या खोलीत नेता येते. लाइट गेली तरी फरशीवर, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला त्याची दुपार निभते. आठ फुटी पिंजरा कुठे नेणार? त्याला एसी आणि इन्व्हर्टर कायमचे लागणार. धुळ्याच्या थंडीत उलटी गत: हीटिंग मॅट (विजेवर तापणारी चटई) लागते, तीही थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरलेल्या अंशाला आपोआप बंद होणारी. नाहीतर साप भाजतो.

खाण्यात बॉल पायथन सोपा पण हट्टी. आठ-पंधरा दिवसांनी एक उंदीर, तोही मेलेला आणि फ्रीजरमधून काढून नीट वितळवलेला. हिवाळ्यात कधी कधी महिनोन् महिने तोंड लावत नाही. वजन टिकून असेल तर घाबरू नका. मोठ्याला ससे किंवा कोंबड्या लागतात. शेतातले उंदीर दोघांनाही देऊ नका, विषाची गोळी खाल्लेला एक उंदीरही जिवावर बेततो.

आणि दुसरा माणूस. आठ फुटांपुढचा अजगर एकट्याने हाताळायचा नाही, या नियमाला सूट नाही. यावलजवळच्या बागेत घड कापताना मजुरांना नऊ फुटी अजगर दिसला होता, तो पकडायला आम्ही दोघं गेलो. सोबती गोणी आणायला गेला आणि मी घाईने एकट्याने डोकं धरलं. क्षणात डाव्या मनगटाला वेढा बसला. दुखलं नाही, पण बोटं जांभळी पडायला लागली. सोबत्याने परत येऊन शेपटीच्या टोकाकडून एकेक वेढा सोडवला; डोक्याकडून ओढलं असतं तर तो आणखी आवळला असता. पाळीव अजगराला तुमचा राग नसतो, पण हाताला कोंबडीचा वास असला तरी तो भक्ष्य समजून झेपावतो. घरात लहान मूल असेल तर मोठ्या अजगराला माझा स्पष्ट नकार आहे.

आजारपणात दोघांची सारखीच अडचण. आपले जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज. तोंड उघडून, शिट्टीसारखा आवाज काढत श्वास घेणारा साप तपासायला बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. दोन किलोचा साप कापडी पिशवीत घालून नेता येतो.

दोघेही वीस वर्षांहून जास्त जगतात. पोरगा नोकरीला पुण्याला गेला की मोठा अजगर आईच्या गळ्यात पडतो, आणि मग कोणीतरी सातपुड्यात सोडून यायचं सुचवतो. तसं कदापि करू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या भागात असेच बर्मीज पसरले, त्यांनी तिथले छोटे प्राणी फस्त केले. अमेरिकेने 2012 मध्ये त्यांची आयात बंद केली, पण ते अजून तिथेच आहेत.

माझं मत: मोठा नको. जाड भिंतींची खोली, कागद आणि वीस वर्षांची तयारी असेल तर बॉल पायथन. ओढ मोठ्या अजगराचीच असेल तर तो आपल्या तापीकाठी मोकळा राहतोच. वन विभागाची परवानगी असलेल्या सर्पमित्रासोबत शिका. बागेत जनावर निघालं की वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, तोवर लोकांना काठीपासून लांब ठेवा. सावद्याच्या त्या तरुणाला मी इतकंच सांगितलंय, की आधी खोलीत तापमापक टांग आणि रोज दुपारी तीनचा आकडा वहीत लिही. मे संपला की वही घेऊन ये, मग बोलू.