लिलीसाठी घेतलेलं दहा पटीचं भिंग: आठ महिने वापरल्यावर

भिंग घेतलं ते खरं तर चिडून. मागच्या हंगामात एशियाटिक लिलीच्या सहा कुंड्यांवर मी इमानेइतबारे निंबोळी तेल फवारत राहिलो आणि पानं खालून वर वाळतच गेली. तो करपा होता, म्हणजे बुरशीचा रोग, आणि मी मारत होतो किडीचं औषध. लिलीचा दांडा हंगामात एकदाच पानं धरतो. गेलेल्या पानाच्या जागी नवं फुटत नाही, आणि कंद पोसायचा तो त्याच पानांनी. त्यामुळे वाया गेलेल्या पंधरवड्याची किंमत पुढच्या वर्षीच्या फुलांत मोजावी लागते.

पहिला आठवडा भिंगातून काहीच धड दिसेना. मी ते पानावर धरून लांबून बघत होतो. दहा पटीचं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान पुढे आणत आणत अडीच सेंटीमीटरवर थांबायचं. हे जमलं आणि मग मजाच सुरू झाली.

कळ्यांच्या खाली पांढरा कोंडा दिसायचा. मी त्याला भुरी (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) समजून गंधक आणायच्या बेतात होतो. भिंगाखाली त्या कोंड्याला पाय निघाले! माव्याने टाकलेल्या काती होत्या त्या, पोकळ, अगदी मिशांसकट. मावा स्वतः कळीच्या बेचक्यात, हिरव्यावर हिरवा. खालच्या पानांवरचा काळा थरही वेगळा रोग नव्हता. माव्याच्या चिकट गोड स्रावावर वाढलेली काजळी ती, ओल्या फडक्याने पुसली गेली. दोन दिवस पाण्याच्या जोरदार धारेने कळ्या धुतल्या, मग संध्याकाळी निंबोळी तेल. इथे मात्र तेल कामाला आलं. (भर उन्हात एकदा फवारलं आणि पानं भाजून घेतली, तो गाढवपणा माझाच.)

करप्याचा डाग आता नुसत्या डोळ्यानेही ओळखतो: लंबगोल, मध्ये फिकट तपकिरी, कडेला लालसर. शंका राहिलीच तर ते पान झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर रात्रभर ठेवतो. सकाळी डागावर करडी लव येते आणि भिंगातून बारीक देठांवर द्राक्षांच्या घडासारखे झुबके दिसतात. बोट्रायटिस या बुरशीचं नावच मुळी द्राक्षघडाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. हे बघायला मिळालं म्हणून तरी भिंगाचे पैसे वसूल.

उपाय त्या मानाने अगदीच रटाळ. डागाळलेली पानं खुडून कचऱ्यात टाकली, खतखड्ड्यात नाही. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं. पाणी सकाळी, मातीलगत, पानांवर थेंबही नाही. पावसाची झड लागायच्या आधी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. ते उरलेली पानं राखतं, पडलेला डाग पुसत नाही. या हंगामात दांड्यांवरची बहुतेक पानं फुलं सरेपर्यंत टिकली.

आता भिंगाची हद्द. एका कुंडीत खालची पानं अवेळी पिवळी पडली. मी तासभर पानं न्याहाळली, एक किडा नाही की एक डाग नाही. शेवटी कंद उकरला तर बुडाची चकती तपकिरी आणि खवले हात लावताच सुटून आले. फ्युजेरियम या बुरशीची कंदकूज. अशा कंदावर औषध नाही, तो मातीसकट टाकला. पानं पिवळी आणि भिंग रिकामं, की खुरपं घ्यायचं, एवढं आता पक्कं झालंय. पानांवर फिकट-गडद चट्ट्यांची नक्षी आणि कळ्या वाकड्या असलेलं एक झाडही उपटलं. विषाणू भिंगात दिसत नाही आणि फवाऱ्याने जात नाही. मावा तो शेजारच्या झाडावर नेऊन सोडतो, म्हणून जीव घट्ट केला.

तक्रारी दोन. अंगचा दिवा कुचकामी आहे, चकचकीत पानावर उजेड परततो आणि नुसता पांढरा ठिपका दिसतो. मी तो बंदच ठेवतो, सकाळचं तिरपं ऊन बरं. आणि बिजागरी तिसऱ्या महिन्यातच सैल झाली, आता काच आपोआप उघडून खिशात चरे पाडून घेते. दोरी बांधून गळ्यात अडकवलंय.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक बिजागरीचा.