वाइल्ड अटलांटिक वे : आठ महिने तुकड्यातुकड्याने फिरून झाल्यावरचा अनुभव

आधी सांगते, आम्ही आयर्लंडमधल्या लिमरिकला राहतो, त्यामुळे हा रिव्ह्यू आठ दिवसांच्या ट्रिपचा नाही. एप्रिल ते नोव्हेंबर, मिळेल त्या वीकेंडला, जुनी हॅचबॅक, ९ आणि ५ वर्षांची दोन कार्टी, आणि मे ते ऑगस्ट मागच्या सीटवर मधोमध सासूबाई, म्हणजे आमच्या आई. वाइल्ड अटलांटिक वे म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारा रस्ता, एकूण साधारण २५०० किमी, वर डोनेगलपासून खाली कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत, २०१४ पासून या नावाने बोर्ड लागलेत, निळ्यावर पांढऱ्या लाटांची खूण. पूर्ण झाला का विचाराल तर नाही, मेयो काउंटीचा वरचा भाग राहिलाय, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

कारण पहिल्याच ट्रिपला आम्ही सगळ्यात मोठी चूक केली, ती म्हणजे मॅपवरच्या वेळेवर विश्वास ठेवला. मॅप म्हणतो दीड तास, पण त्यात मेंढ्या धरलेल्या नसतात, ट्रॅक्टर नसतो, धाकटीची शू नसते, आणि दर दहा मिनिटांनी 'अगं थांब थांब, फोटो' हेही नसतं. आता मी मॅपच्या वेळेच्या दुप्पट धरते आणि दिवसाला १०० किमीच्या वर जात नाही. तसंही २०२५ च्या फेब्रुवारीपासून गावाकडच्या छोट्या रस्त्यांची वेगाची लिमिट ताशी ८० वरून ६० किमी झालीये, आणि खरं सांगायचं तर तिथे ६० नेसुद्धा जाववत नाही, मधोमध गवत उगवलेले रस्ते आहेत काही.

भारतातून येणाऱ्यांना गाडी डाव्या बाजूनेच म्हणून हायसं वाटतं, मलाही वाटलेलं. जुलैमध्ये डिंगल गावाच्या पुढे स्ली हेडचा फेरा आम्ही उलटा घेतला. तो घड्याळाच्या दिशेने घ्यायचा असतो, बसेस तशाच येतात, हे वाचलेलं होतं पण कॉफीच्या नादात विसरले. वळणावर समोर टुरिस्ट बस. डावीकडे दगडी गडगा, उजवीकडे बस, तिच्या पलीकडे कठडा आणि मग थेट अटलांटिक. मागे दोन गाड्या. आई मागून, 'त्याला म्हणावं तूच घे मागे.' शेवटी मागच्या दोघांनी रिव्हर्स घेतला, मग मी घेतला, इंच इंच, नवरा खाली उतरून हात दाखवतोय, तरी डावा आरसा गडग्याला लागला आणि काच तडकली. बस इतक्या जवळून गेली की पोराने आतून खिडकीवर हात ठेवला तर बसमधल्या एका आजोबांनीही पलीकडून ठेवला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. इथे हाच नमस्कार, अनोळखी माणूसही करतो. तेव्हापासून पोरं समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बोट उचलतात.

क्लिफ्स ऑफ मोहर दोनदा केलं. पहिल्यांदा धुकं, पार्किंगचे पैसे भरून आम्ही पांढरा पडदा बघून आलो. दुसऱ्यांदा जूनमध्ये लख्ख ऊन, २१४ मीटरचे कडे, आणि दुर्बिणीतून पफिन हे समुद्रपक्षी दिसले, ऑगस्टपर्यंत ते समुद्रावर निघून जातात म्हणून बघायचे तर त्याआधी जा. पण माझं मत विचाराल तर डोनेगलचं स्लीव्ह लीग जास्त भारी. उंची जवळजवळ तिप्पट आणि गर्दी त्यामानाने काहीच नाही. ते ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत केलं, फक्त पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो तेव्हा, जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. मॅलिन हेडला गवतात दगडांनी मोठ्ठं 'एरे' (आयर्लंडचं आयरिश नाव) आणि ८० आकडा लिहिलाय, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना खाली तटस्थ आयर्लंड आहे हे वरून कळावं म्हणून. मोठ्याला कड्यांपेक्षा तेच आवडलं.

क्लेअर आणि केरी या दोन काउंटी एकाच वीकेंडला करणार असाल तर किलीमर-टार्बर्ट फेरीबोट घ्याच. गाडीसकट वीस मिनिटांत शॅनन नदी पार, नाहीतर १३७ किमीचा वळसा पडतो.

आई देवगडच्या, त्यामुळे समुद्राचं कौतुक त्यांना बेताचंच. इंच नावाच्या बीचवर लोक वाळूत गाड्या घालतात ते बघून म्हणाल्या, रुतली की कळेल. एवढा समुद्र आणि कोणी मासे सुकवत कसं नाही, हा प्रश्न तीन महिने सुटला नाही. फिश अँड चिप्स मात्र लसणीची चटणी लावून आवडीने खाल्लं, बरणी पर्समध्येच असायची. शाकाहाऱ्यांनी मात्र फार अपेक्षा ठेवू नका, गावातल्या पबमध्ये भाजीचं सूप आणि ब्राऊन ब्रेड बहुतेक वेळा मिळतो, नाहीतर चीज टोस्टी आणि चिप्स. डब्यात ठेपले ठेवाच.

तक्रारी दोन. कॉनेमारात नेटवर्क मध्येच जातं, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि आयरिश बोलणाऱ्या पट्ट्यात बोर्ड फक्त आयरिशमध्ये असतात. फोन म्हणतो डिंगल आणि बोर्डावर 'अन डँगन', पहिल्यांदा आम्ही तो फाटा सोडून सरळ पुढे गेलो.

आरसा अजून टेपवरच आहे. फेब्रुवारीत एनसीटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, आहे, त्याच्या आधी बदलावा लागेल.