तीन मोटरी, तीन ड्रायव्हर आणि १८,६०० रुपये पाण्यात

सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) थरथरतोय म्हणून कुणा ‘ऑनलाइन एक्स्पर्ट’ला व्हिडिओ कॉल लावणार असाल, तर थांबा. आधी मल्टिमीटर (वायर तुटलीय का ते मोजून दाखवणारं यंत्र) आणा. माझे १८,६०० गेलेत.

सांगलीत देव्हाऱ्याच्या जाळ्या नि नावाच्या पाट्या कोरतो, ६०४० नावाच्या राउटरवर. ऐन लग्नसराईत गँट्री (कोरणाऱ्या हत्याराचा आडवा पूल) मागे-पुढे सरकवणारी वाय मोटर जागच्या जागी खरखरायला लागली. सरकायचं नाव नाही. म्हणून लावला असल्याच एका ‘एक्स्पर्ट’ला व्हिडिओ कॉल.

असल्या लोकांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: गोड बोलणं, घाई, आगाऊ पैसे. “दादा, मॅग्नेट गेलं. एक गेली की बाकीच्याही जातात, तिन्ही बदला.” तीन नेमा २३ (हे मापाचं नाव) मोटरी ९,६००, तीन ‘चार अँपिअर’ ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारे डबे) ७,२००, रिमोट ट्यूनिंग १,५००, कुरिअर ३००. सगळे यूपीआयने.

राग येतो तो एकाच क्षणाचा. कॉल चालू असताना माझा हात केबल चेनला (मोटरीच्या वायरी ज्यातून जातात त्या साखळीला) लागला, खरखर थांबली आणि गँट्री चार बोटं लोण्यासारखी सरकली! तो लगेच ओरडला, “वायरला हात लावू नका, ड्रायव्हर उडेल!” आता हे खोटंही नाही. सप्लाय चालू असताना मोटरची वायर सुटली तर ड्रायव्हर खरंच जळू शकतो. मग मी काय समजायचं? मी लाकूडकाम करणारा माणूस.

पार्सल आलं. मोटरींवर नव्या स्टिकरखाली जुनं स्टिकर. ड्रायव्हरवर चिपचं नाव छापलंय टीबी६६००, आत दुसरीच चिप, टीबी६७एस१०९. (असले डबे बाजारात सर्रास मिळतात, चालतातही. पण एकाला २,४०० रुपये?) सगळं जोडलं, थरथर तीच. शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका वायंडिंगवाल्यानं चेनमधली आतून तुटलेली वायर काढून दाखवली. चार वायरच्या मोटरीत दोन कॉइल, प्रत्येकीला वायरींची एक जोडी. एक कॉइल सुटली की मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. त्यानं घेतले १५० रुपये. जुन्या मोटरी ठणठणीत आहेत.

मशीन बंद करा, वायरी ड्रायव्हरमधून काढा, केबल हलवत प्रत्येक जोडी मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजा. आकडा उड्या मारत असेल तर दोष केबलचा. मशीन बंद असतानाच एक्स आणि वाय मोटरच्या केबली ड्रायव्हरवर अदलाबदल करा, मग चालू करून बघा: तरी तीच मोटर थरथरली तर ड्रायव्हर ठीक आहे. फुकट आहे. हे करायला जो मनाई करतो, त्याचा फोन ठेवा.

तक्रारीचं तर विचारूच नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर नोंद झाली, पुढे पोलीस ठाण्यात ऐकवलं, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारतात, बिल आहे का? बिल कुठलं, व्हॉट्सअ‍ॅपवरची चिठ्ठी! ग्राहक आयोगाला समोरच्याचा पत्ता हवा, आणि पार्सलवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. पत्ता शोधायचं काम पोलिसांचं, तर ते म्हणतात आयोगाचा आदेश आणा. च्यायला, म्हणजे चोर मीच पकडून न्यायचा? पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका, खोका उघडताना व्हिडिओ काढा.

नंबर त्यानं बदललाय, धंदा चालूच आहे. नव्या जाहिरातीत चार बोटं सरकणारी ती गँट्री माझीच आहे, खाली लिहिलंय: ‘सांगलीच्या ग्राहकाची मशीन दुरुस्त’.